ऑइल काळंच होतं, आणि मी पैसे दिले

१३,१९७ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी अजून साडेपाच हजारच माहीत आहेत, आणि ज्या मशीनच्या दुरुस्तीत हे गेले ते गवत कापायचं मशीन मी २०१२ मध्ये जुनं घेतलं होतं, ९,५०० ला.

आमचं घर सांगलीवाडीत, मागं तीन गुंठे मोकळी जागा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं आणि त्यातनं काय काय निघतं ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. म्हणून हे मशीन. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा घरातला सोफा सोडला, पण हे मी आणि शेजाऱ्याच्या मुलानं उचलून गच्चीवर नेलं. त्या पाण्यातनं वाचवलेलं मशीन एका टी-शर्टवाल्या पोरानं माझ्या डोळ्यांदेखत लुटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढलं. दोरी ओढली, चौथ्या ओढीला चालू झालं, पण रेस एका जागी टिकेना. हूंऽऽ करून चढायचं, बसायचं, परत चढायचं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्याच्याजवळची गव्हर्नरची, म्हणजे रेस एकसारखी ठेवणाऱ्या भागाची, सळी सारखी पुढं-मागं. मोबाईलवर कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर सांगली’ टाकलं. पहिलाच नंबर, ४.८ स्टार, ‘अधिकृत’ असं लिहिलेलं. लावला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मला कळलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. मशीन टेम्पोत घालून मिरजेला कोण नेणार? घरी येऊन करतो म्हणणारा देवच वाटतो अशा वेळी.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गुळासारखं. भेटीचे ४९९ आधी घेतले. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं, सळी बोटानं हलवली आणि म्हणाला, "काका, कार्बोरेटर गेलाय. आणि गव्हर्नर आतनं तुटलाय. वर्कशॉपला नेऊन बसवतो, इथं उघडलं तर धूळ जाते." पाच हजार ॲडव्हान्स. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं आलं. "मॅडमचं खातं आहे, काका." बरं म्हटलं! मशीन छोट्या टेम्पोत घालून घेऊन गेला.

तीन दिवसांनी परत आणलं. गुलाबी कागदावर हिशेब: कार्बोरेटर ओरिजिनल ४,८५०, गव्हर्नर असेंब्ली ३,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४९, मजुरी १,२००. वर ‘एस्टिमेट’ छापलेलं. जीएसटी नंबर नाही, पावती क्रमांक नाही, पत्ता नाही. मी साखर कारखान्यात ३१ वर्षं हिशेब खात्यात होतो. जीएसटी नंबर नसलेली बिलं मी लाल शाईनं परत पाठवलीत, भल्याभल्यांची. आणि त्या गुलाबी कागदावर मी उरलेले ५,६९९ दिले.

पण ते नव्हे. खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे, ती आठवली की आजही रात्री उठून बसतो.

त्यानं मशीन चालू केलं तेव्हा एकदम सरळ चाललं. जरा जास्तच जोरात, पण सरळ. मी खूश. चालू करायच्या आधी मी सवयीनं ऑइलची पट्टी काढून बघितली होती. काळं. डांबरासारखं काळं, मागच्या वर्षीचं, पट्टीवर त्याच खुणेपर्यंत. मी पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. बोटावर घेऊन चोळलं. डोक्यात काहीतरी हललं, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, फाइव्ह स्टार द्या ना," आणि मी पट्टी खोचून मोबाईल काढला.

ह्या इंजिनात गव्हर्नरची गरारी आणि वजनं क्रँककेसच्या आत, म्हणजे इंजिनाच्या पोटात असतात, ऑइलमध्ये. ती बदलायची तर ऑइल काढावंच लागतं, खालचं झाकण खोलावं लागतं. तीन हजार दोनशेची असेंब्ली बसवली आणि जुनं ऑइल थेंबभरही हललं नाही? झाकणाच्या बोल्टवर गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत चिकटलेलं होतं, बोल्टच्या डोक्याभोवतीचा रंगही तडकलेला नव्हता. खोललेल्या बोल्टवर पान्याची खूण उठते, हे शाळेतल्या पोराला कळतं. किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात १९१० पासून उभी आहे, त्या जिल्ह्यातला मी माणूस. असो.

वर १,९९९ चा वार्षिक करारही घेतला. हो, घेतला. "कशाला हो आणि?" असं घरातून विचारलं गेलं, त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पंधरा मिनिटं गवत कापलं असेल, तर मशीन हातात थडथडायला लागलं. खडा उडून तुळशीच्या कट्ट्यावर आदळला. बंद केलं. फोन केला, रिंग वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी बिझी. तिसऱ्या दिवशी नंबर अस्तित्वात नाही.

शेवटी शेजाऱ्याच्या मुलानं मिरजेला नेलं, एका जुन्या मिस्त्रींकडं. चाचा सत्तरीचे असतील. मिरज तंबोऱ्याच्या तारा लावणाऱ्यांचं गाव, तिथं स्प्रिंग बघायला माणूस मिळाला यात नवल नाही. त्यांनी मशीन चालूसुद्धा केलं नाही. चष्मा कपाळावर घेतला, वाकले आणि म्हणाले, "साहेब, ही बारकी स्प्रिंग कुठं गेली?"

सळीच्या सोबतीनं एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते, सळीतला ढिलेपणा खेचून धरायला. ती नाही तर रेस झुलणारच. ती गायब. गव्हर्नरची जाड स्प्रिंग ओढून लांब केलेली आणि शेवटच्या भोकात अडकवलेली, म्हणजे गव्हर्नरला बळजबरीनं रेस चढवायला लावलेली. म्हणून ‘सरळ’ चालत होतं. मिनिटाला साधारण तीन हजार फेऱ्यांवर चालायचं पातं तो चढवून गेला होता, आणि मी त्याच्यामागं चप्पल घालून चालत होतो. कार्बोरेटरवर कंपनीची उठावाची अक्षरंच नाहीत, साधी नक्कल. "बाजारात हजाराच्या आत मिळतो," चाचा म्हणाले. माझा मूळ कार्बोरेटर तो घेऊन गेला. त्याला काही झालंच नव्हतं. ऑक्टोबरपासून टाकीत पेट्रोल तसंच होतं, राळ धरून बारका जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, तुंबला असणार, एवढंच. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओलही लवकर धरते.

हे मला आधी माहीत असतं तर! इंजिन झुलतंय आणि चोक अर्धा ओढल्यावर शांत होतंय, तर पेट्रोल कमी पोचतंय, जेट बघा, गव्हर्नरला हात लावू देऊ नका. चाचांनी नकलेचाच जेट साफ केला, दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या, गव्हर्नरचा दांडा ढिला करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, शाफ्ट त्याच दिशेला टोकापर्यंत फिरवून परत आवळला. दहा मिनिटं. मजुरी ३००, सामान ११०.

आता पोलीस. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. पण मी केला नवव्या दिवशी, आणि तो पहिल्या तासाभरात करायचा असतो. पैसे एकदा दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरले की गोठवायला काही उरत नाही. लाज वाटत होती म्हणून थांबलो. तुम्ही थांबू नका, लाज नंतर वाटून घ्या.

ठाण्यात मात्र पहिल्या दिवशी, "गवताचं मशीन? काका, हा दिवाणी मामला." मी म्हटलं, खोटा अधिकृत नंबर लावून पैसे घेतले, ही फसवणूक आहे, चारशेवीस. तर म्हणे, "चारशेवीस आता नाही, नव्या कायद्यात तीनशेअठरा." कलम पाठ आहे, लिहून घ्यायला वेळ नाही! दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या दिवशी स्क्रीनशॉटच्या प्रती आणा, प्रत्येकावर सही करून. झेरॉक्सचे ८६ रुपये (हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत). चौथ्या दिवशी, पैसे मॅडमच्या खात्यात गेले ना, मग आधी मॅडमचा पत्ता आणा. मी आणू? मला पत्ता सापडला असता तर मी इथं बाकड्यावर बसलो असतो का? बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "व्यवहार तुम्हीच केलाय, पिन तुम्हीच टाकलाय." टाकलाय. म्हणूनच आलोय ना बाई!

ग्राहक आयोगात जायचा विचार आहे. पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी लागत नाही, दोन वर्षांत अर्ज करता येतो. पण समोरच्याचं नाव-गाव लिहायला लागतं, आणि माझ्याकडं आहे तो गुलाबी कागद.

नंबर शोधायचा तर मशीनच्या पुस्तिकेतला घ्या, नाहीतर जिथनं घेतलं त्या दुकानातला. खोलायच्या आधी कार्बोरेटरचा आणि कोणती स्प्रिंग कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो काढा. जुना पार्ट परत मागा, तुटलेला असला तरी. स्कॅन केल्यावर नाव वेगळं आलं तर तिथंच थांबा. सीझन संपला की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. आणि ते ४.८ स्टार माझ्यासारख्यांनीच दिलेले आहेत, पट्टी हातात धरून. माझे मी काढून टाकले, आता ४.७ दिसतात.

परवा ठाण्यातून फोन आला. पहिल्यांदाच त्यांच्याकडून. मी पेन शोधून बसलो. "काका, पंचनामा करायचाय. तो मूळ कार्बोरेटर घेऊन या."