क्रॉप कव्हर: रोल घ्या, नाडीची पिशवी कुंडीपुरतीच

नाजूक झाडांना बर्फातून आणि कडाक्याच्या थंडीतून पार करायचं म्हटलं की पांढरं, हलकं, न विणलेलं कापडच हाती येतं. वेष्टनावर कुठे क्रॉप कव्हर लिहिलेलं असतं, कुठे फ्रॉस्ट क्लॉथ, तर कुठे फ्लीस. माल एकच, पॉलिप्रॉपिलीनचा. घेताना पाहायचं ते कापडाचं वजन, आणि तो रोल आहे की शिवून नाडी ओवलेली पिशवी. वजनाचा विचार निदान होतो तरी. पिशवी मात्र दिसायला सुबक आणि घालायला सोपी, म्हणून लोक डोळे झाकून उचलतात.

वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं छापलेलं असतं. १७ जीएसएमचं कापड उजेड भरपूर आत सोडतं, पण थंडी एक-दोन अंशच सावरतं आणि फांदीला अडकलं की टरकन फाटतं. भाजीच्या वाफ्यावर ठीक, काटेरी बोगनवेलीवर नको. ५० जीएसएम चारेक अंशांपर्यंत मदत करतं, पण उजेड जवळपास निम्मा खातं. ते रात्री घालायचं आणि सकाळी काढायचं. रोज काढघाल होणार नसेल तर ३० जीएसएम घ्यावं. दोन-तीन अंशांचा आधार मिळतो आणि दोन-चार दिवस तसंच राहिलं तरी झाड उजेडावाचून उपाशी राहत नाही. पाऱ्याने उणे दहा गाठलं तर मात्र यातलं कुठलंच कापड जास्वंद वाचवणार नाही. ती कुंडी आतच घ्यायला हवी.

आता पिशवीचं. कापड स्वतः ऊब तयार करत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री जी उष्णता सोडते, ती अडवून धरणं एवढंच त्याचं काम. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, त्या रात्री पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे गमावतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात. वर कापड असलं की हा ओघ मंदावतो आणि जमिनीची ऊब आत साठते. पिशवीची नाडी बुंध्याशी आवळली, की मिटलेल्या छत्रीसारखा प्रकार होतो: झाड आत, ऊब देणारी जमीन बाहेर. नाडीच्या वर कापड कितीही जाड असो, उपयोग नाममात्र. रोलचं कापड तंबूसारखं चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडता येतं, आणि कडा विटांनी किंवा मातीने दाबल्या की फट उरत नाही. वारा वाहत असेल तर हा फायदा घटतो. तरीही जमीन गोठलेली असताना सदाहरित पानांना कोरडा वारा सुकवतो, आणि तो तडाखा कापड कमी करतं.

कापड पानांवर टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथे ओल धरते, ती गोठते आणि नेमकं तेवढंच पान काळं पडतं. चार बांबू, किंवा कमान करून रोवलेले पीव्हीसी पाइप पुरतात. पानं आणि कापड यांत ८-१० सेंटिमीटर अंतर ठेवा. बर्फ पडत असेल तिथे सांगाडा कमानीचा किंवा उतरताच हवा, सपाट माथा नको. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला बर्फ ३०० किलोच्याही पुढे जातो. म्हणजे २० सेंटिमीटर ओल्या बर्फाने प्रत्येक चौरस मीटरवर साठेक किलो भार येतो. बारीक काठ्या तिथेच मोडतात, आणि झाड थंडीने नाही तर वजनाने जातं. बर्फ आतून, झाडूच्या दांड्याने हलकेच वर ढकलून पाडायचा. वरून झोडपलं तर फांद्या तुटतात. फांद्यांवर बर्फाचं कवच चढलेलं असेल तर त्यांना हातच लावू नका, गोठलेलं लाकूड काचेइतकं ठिसूळ असतं. पानांना चिकटून गोठलेलं कापडही ओढून काढायचं नाही, वितळू द्यायचं.

बुंध्याशी जमिनीवर साचलेला बर्फ मात्र काढू नका. त्यात हवा अडकलेली असल्याने मुळांसाठी ते फुकटचं आच्छादन आहे.

कापड घालण्याआधी एक दिवस आळ्यात पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोचवते. चिखल नको, भिजट मुळं थंडीत कुजतात. वर ८-१० सेंटिमीटर पालापाचोळा किंवा पेंढा पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. खोडाला चिकटलेला ओला पाला साल कुजवतो आणि उंदरांना घर देतो.

सकाळी पारा शून्याच्या वर गेला की एक बाजू उचलून हवा खेळू द्या. ढगाळ दिवशी राहिलं तरी चालतं. पण आठवडाभर बंद ठेवलं की आत करडी बुरशी येते, आणि उबेने फसून कोवळे धुमारे फुटतात. पुढच्या थंडीत तेच आधी मरतात.

प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त आणि टिकाऊ, पण या कामाला वाईट. श्वास घेत नाही, आतून घाम धरते, पानाला लागली की थेट गारवा पोचवते, आणि उन्हात आतली हवा भाजून काढते. गोणपाट वाऱ्याला चांगलं, पण भिजलं की जड होतं आणि उजेड अडवतं. आत दिव्यांची माळ सोडायची असेल तर जुन्या तारेच्या बल्बची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली आणि कापडाला न टेकणारी. एलईडीच्या माळेने झाडाला पुरेल अशी ऊब मिळत नाही.

नाडीच्या पिशवीला गुण एकच: कुंडी. तिथे नाडी खोडाला नाही, कुंडीच्या काठाखाली बांधायची, म्हणजे माती आत राहते. पण कुंडीतली मुळं बाजूंनीही गोठतात, म्हणून भोवती बबल रॅप किंवा गोणपाटाचे दोन वेढे द्या, कुंड्या भिंतीलगत एकत्र दाटीने मांडा आणि खाली विटेचे तुकडे ठेवून निचरा मोकळा ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भिजकी मातीची कुंडी त्यानेच तडकते.

केळीला दोन्ही प्रकार अपुरे. पानं छाटून खोडाभोवती जाळीचं नळकांडं उभं करा, त्यात कोरडा पेंढा ठासा आणि माथ्यावर पाणी न शिरणारं झाकण द्या. पेंढा भिजला तर गाभा सडतो.

उन्हात न कुजणारं, म्हणजे यूव्ही संरक्षण असलेलं कापड काही हंगाम टिकतं, साधं लवकर भुगा होतं. खिळे ठोकू नका, तिथूनच फाटतं. कपड्यांचे चिमटे पुरतात. हंगाम संपला की धुऊन, पूर्ण वाळवून, घडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा.