वॅगन आरच्या एसीला दुसरा कॉम्प्रेसर बसवून सात महिने झाले

गाडी 2007 ची वॅगन आर, जुनं 1061 सीसीचं इंजिन. मार्चमध्ये एसी लावला की बॉनेटखालून घरघर यायची. दुर्लक्ष केलं. एका दुपारी पोवई नाक्यावर पट्टा किंचाळला, करपल्याचा वास आला आणि कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, जाम.

साताऱ्यात एकाने 5,500 मध्ये जुनाच 'रिपेअर' करून देतो म्हटलं, म्हणजे बेअरिंग आणि सील नवीन. आत पिस्टन घासले असतील तर त्याचं काय, यावर तो गप्प. म्हणून नवाच घ्यायचं ठरवलं आणि पुण्याला नाना पेठेत गेलो. काउंटरवर एवढंच म्हणालो, "वॅगन आरचा द्या." चूक माझीच. पण त्यानेही मॉडेल विचारलं नाही, खोकं पुढे केलं.

गोडोलीतल्या मिस्त्रीने लावायला घेतला. दोन बोल्ट बसले, तिसऱ्याचं भोक पाऊण सेंटीमीटर बाजूला. त्याने हात पुसले. "दादा, नाव एकच हाय, गाडी दुसरी." 2010 ला वॅगन आरमध्ये के-सिरीजचं 998 सीसी इंजिन आलं, हा माल त्या गाडीचा होता. ब्रॅकेट कापून, वॉशर घालून बसवून देणारे भेटतात. पण पुली दोन-तीन मिलिमीटर जरी रेषेबाहेर गेली तरी पट्टा कडेने उसवत जातो. नको म्हटलं. दुकानदाराने 800 रुपये कापून माल परत घेतला, तेही कुरकुरत.

दुसऱ्या खेपेला जुना कॉम्प्रेसर पोत्यात घालून एसटीने स्वारगेट गाठलं. शेजारी बसलेल्या आजींनी दोनदा विचारलं, "कसला वास येतोय रं?" या वेळी दुसऱ्या दुकानात दोन्ही कॉम्प्रेसर शेजारी शेजारी ठेवून बघितले. बोल्टचे कान जुळले, पुलीच्या खाचा नखाने मोजल्या, पाइप बसतात तो सपाट भाग आणि वायरचा प्लगही तोच. सुब्रोसचा मिळाला, 11,200 ला. ही कंपनी मारुतीला एसीचे भाग पुरवते, गाडीत मुळातला होता तोही तिचाच.

आता खरी गोष्ट. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मिस्त्रीने वाटीत ओतलं. काळं. त्यात बोट बुडवून उन्हात धरलं तर चांदीच्या वर्खासारखी चमक. तो धातूचा चुरा. जाम झालेला कॉम्प्रेसर असा चुरा पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या समोरच्या जाळीत, सोडतो, आणि कंडेन्सरच्या बारीक नळ्या कितीही नायट्रोजन मारला तरी पूर्ण साफ होत नाहीत. नव्या कॉम्प्रेसरने तोच चुरा गिळला की तोही जातो. म्हणून कंडेन्सर, गॅसमधला ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली आणि आत जाणारा गॅस मोजून सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलला. खर्च जवळपास दुप्पट झाला, घरी दोन दिवस अबोला. तेलाचंही तसंच. एसीतल्या 134ए गॅसबरोबर पॅग नावाचं तेल लागतं आणि ते हवेतला ओलावा पटकन शोषतं, त्यामुळे पाइपांची तोंडं बंद ठेवून, पाऊण तास व्हॅक्यूम करून, म्हणजे आतली हवा ओढून काढूनच गॅस भरला. तोही वजनावर, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच.

एप्रिल-मे मस्त गेले. हायवेला डॅशबोर्डवरच्या हवेच्या झडपेपाशी थर्मामीटर 8 अंश दाखवायचा, सिग्नलला उभं राहिलं की 13-14. जूनमध्ये गारवा कमी झाला. एका जोडावर तेलकट डाग दिसला: तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, जुनीच ठेवली होती. 30 रुपयांची वस्तू, आणि सगळा गॅस परत भरावा लागला. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही, गॅसचे घेतले.

पावसात एसीचं काम निराळंच. मेढ्याच्या बाजूला धुक्यात काच आतून धुरकटते, एसी लावला की मिनिटात साफ. त्यासाठी तरी पैसे वसूल.

तक्रार म्हणाल तर कॉम्प्रेसरचा क्लच लागताना 'खट्ट' आवाज आधीपेक्षा मोठा येतो आणि गाडी उभी असताना इंजिन जरा थरथरतं. चार माणसं बसवून खंबाटकी चढताना मी आजही एसी बंद करतो, पण तो दोष 1061 सीसीचा.

जुना कॉम्प्रेसर जिन्याखाली पडलाय. भंगारवाला 250 म्हणतो. क्लचची कॉइल अजून चांगली आहे, म्हणून दिला नाही.