पाचव्या लेव्हलचे लढवय्ये : काही महिने खेळवल्यानंतर कोणता बिल्ड (पात्राची बांधणी) टिकला

जळगावातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती चालते, २०१४ चे नियम. २०२४ च्या नियमांत ग्रेट वेपन मास्टर (एक फीट, म्हणजे पात्राने निवडायचं खास कसब) आणि स्माइट (पॅलाडिनचा जादूचा जादा डॅमेज) दोन्ही बदलले, त्यामुळे तिथे हा हिशेब लावू नका. सगळी पात्रं व्हेरियंट ह्यूमन (सुरुवातीलाच एक फीट मिळणारा माणूस), स्ट्रेंथ १८, टू-हिट (फटका लागतो का ते बघायला वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) +७.

ग्रेटसोर्डवाल्या फायटरला ग्रेट वेपन मास्टर द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. टू-हिटमधून ५ वजा, लागला तर डॅमेजला १० जमा. पण सगळं समोरच्याच्या एसीवर (आर्मर क्लास; फासा आणि टू-हिट मिळून तेवढे झाले तरच फटका लागतो) आहे. ओगर, एसी ११: साध्या फटक्याची सरासरी ९.३५, वजा-पाच घेऊन १२.६. हॉबगॉब्लिन, एसी १८: साधा ५.५, वजा-पाच ५.२५. म्हणजे १७ पर्यंत घ्या, १८ ला सोडा. बार्बेरियनला रेकलेस अटॅकमुळे (दोन फासे टाकून मोठा धरायचा) १८ लाही परवडतं: रेजचे (त्याच्या संतापाचे) +२ डॅमेज धरून ९.७५ ऐवजी १०.०६. फक्त शत्रू लांब असला आणि टर्नमध्ये हल्लाही नाही, मारही नाही, तर रेज संपतो. दिवसाला तीनच रेज, म्हणून कमरेला जॅव्हलिन हव्याच. फेकून मारली तरी रेज टिकतो.

माझं मत पोलआर्म मास्टर फायटरला. ग्लेव्हचे (लांब दांड्याचं पातं) दोन फटके १डी१०+४ (दहा बाजूंचा एक फासा, अधिक ४), वर बोनस ॲक्शनने (टर्नमधली एक जादा छोटी कृती) मागच्या टोकाचा १डी४+४. एसी १५ ला टर्नची सरासरी १६.६, ग्रेटसोर्डच्या दोन फटक्यांची वजा-पाच घेऊन १६.८. एसी १८ ला मात्र १२.७५ विरुद्ध ग्रेटसोर्डचे साधे ११. (क्रिट, म्हणजे फाशावर २० पडून डॅमेजचे फासे दुप्पट होणं, कुठेच धरलेलं नाही, ग्रेट वेपन मास्टरचा जादा फटकाही नाही.) सहाव्या लेव्हलला सेंटिनेल हे फीट घेतलं की खरी मजा: शत्रू १० फुटांच्या पोचीत शिरला, रिॲक्शनने (दुसऱ्याच्या टर्नला करता येणारी कृती) फटका बसला, की त्याचा स्पीड शून्य. तो दोन चौकोन (एक चौकोन म्हणजे पाच फूट) दूर उभा, त्याची तलवार पोचतच नाही! आम्ही सोंगट्या म्हणून कॅरमच्याच वापरतो. त्यासाठी चौकोन दीड इंची आखा, एक इंचीत त्या मावत नाहीत. मेमध्ये कूलरसमोर कागदी टोकन उडतात. या बिल्डची अडचण दोन ठिकाणी येते. रिॲक्शन राउंडला एकच, त्यामुळे दुसरा गॉब्लिन आत घुसतोच. आणि सेकंड विंडही (फायटरने स्वतःला बरं करणं) बोनस ॲक्शनच खातं, त्या टर्नला तिसरा फटका गेला.

पॅलाडिन एका मोठ्या लढाईचा राजा. स्माइट फटका लागल्यावर जाहीर करता येतो, म्हणून फासा २० वर थांबेपर्यंत स्लॉट (स्माइटला खर्च होणारा जादूचा साठा) राखा: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटचे २डी८ तिथे ४डी८ होतात. स्लॉट एकूण सहाच, लाँग रेस्टशिवाय (रात्रभराची विश्रांती) परत नाहीत. डीएम (खेळ चालवणारा) खेळातल्या एका दिवसात चार-पाच लढाया लावत असेल, तर पॅलाडिन घेऊ नका.