निळ्या सॉकेटचं ग्राफिक्स कार्ड

पहिला गेमिंग पीसी जुळवायला घेतला तेव्हा माझ्याकडे पैसे मोजके होते आणि आत्मविश्वास भरपूर. तीन आठवडे रात्री जागून व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा समज झाला होता. काहीच कळत नसतं तर निदान कुणाला तरी विचारलं असतं.

प्रोसेसर मात्र मी नीट निवडला. एक मित्र म्हणत होता, ‘आय३ काय घेतोस, तेवढ्यात जुना आय७ मिळतोय.’ इंटेलच्या प्रोसेसरांत आय७ वरच्या दर्जाचा, आय३ खालच्या. पण तो आय७-२६०० होता, २०११ सालचा. मी आय३-१२१००एफ घेतला, २०२२ चा, आणि तो त्या जुन्या आय७ला सहज मागे टाकतो. म्हणजे नुसत्या नावाला न भुलता साल बघायचं एवढी अक्कल मला होती. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या भागाच्या, वेळी ती कुठे गेली होती, देव जाणे.

कार्ड शोधत होतो एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय. जुनं, पण गरिबाला परवडणारं आणि हलकेफुलके गेम निमूट चालवणारं. एका ऑनलाइन बाजारात ते ‘नवीन, सीलबंद, ४ जीबी’ म्हणून दिसलं, इतरांपेक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत. निम्मी किंमत बघून शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

खोकं आलं. छान छापील खोकं, आत काळं कार्ड, दोन पंखे. मागच्या पट्टीवर मॉनिटरची केबल लावायला एचडीएमआय, डीव्हीआय आणि एक निळं व्हीजीए सॉकेट. माझा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए. म्हटलं, वा, कन्व्हर्टरचाही खर्च वाचला! ज्या गोष्टीवरून मला चोर ओळखता आला असता, नेमकी तीच बघून मी खूश झालो होतो.

व्हीजीएला अ‍ॅनालॉग सिग्नल लागतो. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपर्यंतच्या कार्डांत डीव्हीआयमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघायचा. १००० च्या मालिकेत, म्हणजे पास्कल चिपमध्ये, तो काढून टाकला. त्यामुळे १०५० टीआय म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डावर व्हीजीए सॉकेट दिसलं की पैसे खिशातच ठेवायचे. दुसरी खूण होती सहा पिनांचं पॉवर सॉकेट. खरं १०५० टीआय ७५ वॅटचं. एवढी वीज मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते, म्हणून बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नाही. काही कंपन्या वेग वाढवलेल्या कार्डांना सहा पिना देतात, त्यामुळे एवढ्यावरून चोर ठरवता येत नाही. पण विचारावं तरी. मी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘भाऊ, हे जास्त ताकदीचं मॉडेल आहे.’ मला ते पटलं.

पीसी सुरू झाला. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. गेम उघडला, मेनू आला, गाणं वाजलं. खेळ सुरू केला की दोन-तीन मिनिटांत भिंती गायब व्हायच्या, मग चित्र गोठायचं, मग काळा स्क्रीन. अगदी खालच्या सेटिंगवर जरा जास्त टिकायचं. अधिकृत ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला गेलो तर इन्स्टॉलर म्हणे, सुसंगत हार्डवेअरच सापडत नाही. विक्रेत्याने स्वतःची एक लिंक पाठवली: ‘हाच ड्रायव्हर टाका, दुसरा टाकला तर वॉरंटी जाईल.’ अनोळखी माणसाने दिलेली फाइल मी माझ्या नव्याकोऱ्या मशीनवर चालवली, हे लिहितानाही लाज वाटते.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. विंडोज परत टाकून बघा. रॅमची एक कांडी काढून बघा. मदरबोर्डाचं बायोस अपडेट करा. प्रत्येक वेळी अगदी गोड भाषेत, आणि प्रत्येक उत्तराला दीड-दोन दिवस. मी सांगेल ते करत राहिलो. माल परत करायची मुदत ज्या दिवशी संपली, त्या दिवसापासून गोड भाषाही संपली. तक्रार पहिल्याच दिवशी त्या बाजाराच्या यंत्रणेत नोंदवायची असते, विक्रेत्याशी गप्पा नंतर. मी उलटं केलं.

शेवटी कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखायची सोय त्यात २०१८ पासून आहे. नावाच्या आधी चौकटी कंसात स्वच्छ लिहिलेलं होतं: फेक. खाली चिप जीएफ१०६, ४० नॅनोमीटर, शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिप जीपी१०७ असते, १४ नॅनोमीटरची, आणि शेडर ७६८. माझ्या हातात २०१० चं जीटीएस ४५० होतं. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नाव आणि मेमरीचा आकडा बदलून टाकलेला. विंडोज बिचारं कार्ड सांगेल तेच दाखवतं. खरी मेमरी १ जीबी; गेमने त्यापलीकडे काही ठेवायला घेतलं की भिंती गायब. आणि जीटीएस ४५० ला १०६ वॅट लागतात, म्हणून त्या सहा पिना. ‘जास्त ताकदीचं मॉडेल’ ते हे.

तरी मन मानेना. पंख्यांचे चार स्क्रू काढले. वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट कापसाने पुसली, आणि खालून अक्षरं वर आली: जीएफ१०६-२५०. चिपवरचं कुणी खोडायचे कष्टही घेतले नव्हते. एवढं कोण उघडून बघतंय!

पैशांचं म्हणाल तर विक्रेत्याने थोडी रक्कम परत द्यायची तयारी दाखवली, अट एवढीच की तक्रार मागे घ्यायची. तक्रार मी मागे घेतली नाही, त्यामुळे ती रक्कमही मिळाली नाही. मुदत गेलेली, बाजारवाल्यांनी हात वर केले. माझ्या प्रोसेसरच्या नावातला तो ‘एफ’ तेव्हा खरा कळला: एफवाल्यांत अंगचे ग्राफिक्स नसतात. कार्ड काढलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. म्हणून पुढचे दोन महिने ज्याने गंडवलं त्याच कार्डावर कामं चालली.

चिडून बाकीचे भागही तपासले. कॅबिनेटसोबत ‘मोफत’ आलेल्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ठळक अक्षरांत ५०० वॅट. बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार शाळकरी पोराचा आहे: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात, बाकीच्या वॅटचा त्यांना काय उपयोग? तो डबा उचलला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका लागतो. आधी तो बदलला, कारण कार्ड बनावट निघालं तर गेम बंद पडतो, एसएमपीएस बिघडला तर सगळंच जाऊ शकतं.

दुसरं कार्ड घेताना पुन्हा फसता फसता वाचलो, आणि यात तर बनावट काहीच नव्हतं. एनव्हिडियाचंच जीटी १०३० घ्यायचा विचार होता. २०१७ ला आलेल्या मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी, वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ ला त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, त्याचा वेग १६.८. नाव तेच, खोकं जवळजवळ तसंच. एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० चंही तेच. ‘२०४८एसपी’ असं शेपूट असलेलं कार्ड खऱ्या ५८० पेक्षा कमी ताकदीचं, मुळात ५७० च्याच जातीचं. जाहिरातीत ते शेपूट हमखास गळतं. याला फसवणूक म्हणायचं की हुशारी, मला ठरवता येत नाही, पण राग तितकाच येतो.

अखेर एका माणसाकडून वापरलेलं कार्ड घेतलं. त्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर, जीपीयू-झेड उघडून आणि अर्धा तास जड गेम चालवून. तो जरा वैतागला. मी खुर्ची सोडली नाही.

परवा ती जुनी जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव नवं, खोकं तेच, फोटो सगळे पंख्यांच्या बाजूचे. मी विचारलं, ‘मागच्या पट्टीचा एक फोटो पाठवाल का, जिथे केबल लावतात तिथला?’ मेसेज वाचल्याच्या दोन खुणा उमटल्या. अजून फोटो आलेला नाही.