तिकिटांचे रिपोर्ट: टूलमधलेच वापरावेत की पॉवर बीआयवर जावं?

सर्व्हिस डेस्कची, म्हणजे आयटीच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाची, घडी बसली, तिकिटं (एकेका तक्रारीच्या नोंदी) टूलमध्ये नीट लॉग व्हायला लागली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रिपोर्टसाठी आहे त्याच टूलमधला विभाग वापरायचा, की डेटा बाहेर काढून पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर वेगळे डॅशबोर्ड बांधायचे? नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांना सपोर्ट देताना मी दोन्ही वाटांनी काम केलं आहे. मिहानमधले आणि परसोडीच्या आयटी पार्कमधले ओळखीचे लोक हल्ली हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. एसएलए म्हणजे तिकीट किती वेळात सोडवायचं याची करारातली हमी, इन्सिडंट म्हणजे एकेक बिघाड आणि प्रॉब्लेम म्हणजे त्यामागचं मूळ कारण, एवढं धरून चालतो.

दिसण्याच्या बाबतीत पॉवर बीआय सरळ पुढे आहे, त्यावर वाद नको. शिवाय तिकिटांचा डेटा दुसऱ्या डेटाशी जोडायचा असेल, म्हणजे मशीनची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), इंजिनिअरची हजेरी, सुट्या भागांचा खर्च, तर टूलमधला रिपोर्ट तिथे फारसा उपयोगी पडत नाही. कोणत्या जुन्या लॅपटॉपवर दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीकडे चालला आहे, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पॉवर बीआयवरच.

इतिहासाचंही तसंच. तिकिटाच्या टेबलात बहुतेक वेळा आजची स्थिती असते. गेल्या महिन्याच्या १५ तारखेला किती तिकिटं उघडी होती, हे उघडल्या-बंद झाल्याच्या तारखांवरून ढोबळमानाने काढता येतं. पण त्या दिवशी ती कोणत्या टीमकडे होती आणि कोणत्या प्रायोरिटीवर होती, ते साध्या रिपोर्टमधून निघत नाही. त्यासाठी रोजचे आकडे वेगळे साठवावे लागतात. सर्व्हिसनाऊ या तिकिटांच्या टूलमध्ये परफॉर्मन्स अ‍ॅनालिटिक्स हे काम करतं, मॅनेजइंजिनचं अ‍ॅनालिटिक्स प्लस हे वेगळं उत्पादन आहे. लहान टूलांत ही सोय नसेल, तर बाहेरच्या सॉफ्टवेअरशिवाय गत्यंतर नाही.

इतकं सगळं असूनही माझा कल दुसरीकडे झुकला, आणि त्याचं कारण एकच आहे: एसएलएचे दोन आकडे.

एका क्लायंटकडे त्यांच्या एमआयएस टीमने (व्यवस्थापनासाठी आकडे काढणाऱ्या) तिकिटांचा डेटा घेऊन स्वतःचा डॅशबोर्ड बांधला होता. आम्ही टूलचा मासिक रिपोर्ट देत होतो. महिना एक, तिकिटं तीच, आणि एसएलएचे टक्के दोन. रिव्ह्यूला त्यांचे आयटी प्रमुख दोन्ही कागद शेजारी ठेवत आणि शांतपणे विचारत, "साहेब, यातला कोणता धरू?" करारात पेनल्टी एसएलएवर होती, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. पण मग पूर्ण बैठक आकडे जुळवण्यात जायची. सर्व्हर रूमचा यूपीएस, वारंवार पडणारी लिंक, मंजुरीसाठी अडकलेली खरेदी, हे विषय पुढच्या महिन्यावर ढकलले जायचे. रिपोर्ट ज्या चर्चेसाठी काढतो, तीच चर्चा रिपोर्टमुळे होत नव्हती. याचा मला मनापासून त्रास झाला.

फरक कुठून येतो ते एका तिकिटावर बघा. कामाची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवार बंद, एसएलए ८ तासांचा. शनिवारी संध्याकाळी ५ वाजता तिकीट आलं. सोमवारी १० ते ११ युजर जागेवर नव्हता म्हणून ते होल्डवर होतं, म्हणजे एसएलएचं घड्याळ थांबवलेलं होतं, दुपारी १२ वाजता बंद झालं. टूलच्या हिशेबाने शनिवारचा एक तास आणि सोमवारचे दोन, असे ३ तास. तिकीट वेळेत. बाहेरच्या डॅशबोर्डमध्ये मात्र उघडल्याची वेळ आणि बंद झाल्याची वेळ एवढे दोनच रकाने गेले होते. वजाबाकी ४३ तास. तिकीट ब्रीच, म्हणजे एसएलए मोडला.

यात पॉवर बीआयचा दोष नाही, त्याला जे दिलं त्याची त्याने वजाबाकी केली. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, कामाच्या वेळेचा हिशेब बसवता येतो, नाही असं नाही. पण तयार मिळणारं नेटवर्कडेज फंक्शन दिवस मोजतं, तास नाही. तासांचा हिशेब हाताने लिहावा लागतो. होल्ड वजा करायचा तर प्रत्येक तिकिटाच्या स्टेटसचा इतिहास वेगळा आणावा लागतो. त्यावर सुट्ट्यांची यादी. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याची स्थानिक सुट्टी असते, मारबतीची मिरवणूक निघते. पुण्यात बसून कॅलेंडर टेबल बनवणाऱ्याच्या यादीत ती कशी येणार? तिथीप्रमाणे तारीखही दरवर्षी सरकते. टूलमध्ये ती साइटच्या हॉलिडे लिस्टमध्ये एकदा टाकली की एसएलएचं घड्याळ त्या दिवशी आपोआप थांबतं. बाहेर तोच नियम दुसऱ्यांदा लिहायचा, दरवर्षी लक्षात ठेवून बदलायचा, आणि दोन्हीकडे सारखा आहे ना हे तपासत राहायचं.

टाइमझोनची गोष्ट याहून बारीक आहे. पॉवर बीआयची ऑनलाइन सेवा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालते, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. टूलच्या एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा देणाऱ्या वाटेने) येणाऱ्या वेळाही पुष्कळदा यूटीसीतच असतात. ५ तास ३० मिनिटं मिळवायची राहिली, तर १ एप्रिलला पहाटे ३ वाजता नाइट शिफ्टने टाकलेलं तिकीट ३१ मार्चला रात्री साडेनऊच्या खात्यात जातं. महिना बदलतो, आर्थिक वर्षही बदलतं. दिवसपाळीपुरत्या ऑफिसात हे कधी जाणवायचं नाही, तीन पाळ्यांच्या कारखान्यात दर महिन्याला जाणवतं.

टूलच्या रिपोर्टमध्ये मला सर्वांत आवडतं ते हे, की आकड्यावर क्लिक केलं की तिकिटं उघडतात. "हे १७ ब्रीच कोणते?" असं विचारलं तर तिथल्या तिथे १७ तिकिटं, त्यांतल्या नोंदी, कोणी कधी काय केलं, सगळं समोर. वाद तिथेच मिटतो.

अर्थात टूलचं घड्याळ म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. होल्ड टाकला की घड्याळ थांबतं, हे प्रत्येक इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात कळतं. मग संध्याकाळी पाच-साडेपाचला 'युजरच्या उत्तराची वाट पाहत आहे' अशा शेऱ्याची तिकिटं वाढतात, आणि त्यातल्या कित्येक युजरना कोणी फोनही केलेला नसतो. रिपोर्टला बाहेरून टरबुजाचा हिरवा रंग, आत युजरचा संताप. म्हणून मी एसएलएच्या रिपोर्टशेजारी आणखी दोन रिपोर्ट लावतो: होल्डवर गेलेला एकूण वेळ इंजिनिअरप्रमाणे, आणि री-ओपन झालेली तिकिटं. माझ्या पाहण्यात बहुतेक टूलांत हे दोन्ही निघतात, फक्त तयार यादीत नसतात, स्वतः बनवावे लागतात.

आणि रिपोर्टची खरी किंमत वसूल होते ती एसएलएच्या बाहेरच. एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये लेबल प्रिंटर चालत नाही अशी तिकिटं यायची. पंधरा-वीस मिनिटांत बंद व्हायची, एसएलए शंभर टक्के, कोणाची तक्रार नाही. आठवड्याचा वार आणि कॅटेगरी असा साधा आडवा-उभा रिपोर्ट टूलमध्ये काढला, तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळी सोमवारी सकाळची आहेत. प्रॉब्लेम तिकीट उघडून खोलात गेलो. रविवारी प्रिंटर बंद, राउटरची डीएचसीपी लीज (आपोआप दिलेल्या पत्त्याची मुदत) एक दिवसाची, सोमवारी चालू करताच नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता), आणि कॉम्प्युटरचा पोर्ट जुन्याच पत्त्यावर. इंजिनिअर दर सोमवारी नवा पत्ता टाकून तिकीट बंद करत होता. प्रिंटरसाठी एकच आयपी रिझर्व्ह करून दिला आणि ती तिकिटं थांबली. गाड्या गेटवर उभ्या राहायच्या, तेही थांबलं. याला डॅशबोर्ड लागला नव्हता, कोणीतरी बसून तो तक्ता वाचणं लागलं.

पैशांचं थोडक्यात. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण डॅशबोर्ड शेअर करायचा तर साधारणपणे पाहणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, मोठी कपॅसिटी घेतली असेल तर वेगळं. डेटाबेस ऑफिसातल्या सर्व्हरवर असेल तर गेटवेचं मशीन (तिथला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं) सतत चालू ठेवावं लागतं. प्रोमध्ये शेड्यूल्ड रिफ्रेश दिवसाला ८ वेळाच होतो, आणि सलग चार वेळा फसला तर शेड्यूल बंद पडतं. म्हणजे त्यावर लक्ष ठेवणारा माणूस आला. टूलची पीडीएफ १ तारखेला सकाळी मेलवर आपोआप येते, तिला वेगळं लायसन्स लागत नाही.

तेव्हा माझं मत असं. एक-दोन साइट, पाच-दहा इंजिनिअर, आणि हातात पूर्णवेळ डेटावाला माणूस नाही, तर टूलमधल्या रिपोर्टवरच थांबा आणि तेच नीट बसवा. अनेक शहरांतल्या साइट असतील, खर्च आणि मालमत्तेचा डेटा जोडायचा असेल, तर पॉवर बीआय जरूर घ्या, तिथे त्याला तोड नाही. पण तेव्हाही एसएलए पाळला की मोडला हा निकाल टूलमधून तयार रकाना म्हणून उचला, बाहेर पुन्हा मोजू नका. तुमच्या करारात एसएलए कॅलेंडर तासांवर (रात्र-सुट्टी धरून) असेल तर माझा अर्धा मुद्दा गळून पडतो, तेही सांगून ठेवतो.

आणि विक्रेता डेमोला आला की त्याचे तयार चार्ट पाहण्याआधी वरचंच शनिवारचं तिकीट त्याला बनवायला सांगा, मधे एक होल्ड आणि सोमवारी तान्हा पोळ्याची सुट्टी टाकून. मंगळवारी दुपारी १२ला ते बंद केलं तर किती तास लागले, हे त्याच्या रिपोर्टमध्ये आणि बाहेर काढलेल्या फाइलमध्ये, दोन्हीकडे दाखवायला लावा.