यूएसबी पोर्टवाला राउटर: डिस्क लावायची असंन तर हे वाचून घ्या

पाचपैकी साडेतीन स्टार. वायफायबद्दल तक्रार नाही, पण मी हा घेतला तो मागच्या यूएसबी पोर्टसाठी, म्हणून त्याच्यावरच लिहितो. दारव्हा तालुक्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे, लगनसराईत तिघं जण एडिटिंग करून राहिले असतात अन् पेनड्राइव्ह इकडून तिकडं फिरवून डोकं पिकते. आता २ टीबीची डिस्क राउटरलेच लावून ठेवली, सगळे कॉम्प्युटर तिच्यातून फायली उचलतात.

खोक्यावर नुसतं यूएसबी शेअरिंग लिहिलंय, फॉरमॅट (डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत) कोणता चालते ते मॅन्युअलमध्ये शोधा. एफएटी३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही अन् लग्नाची एकेक फाइल त्याच्याहून मोठी, तो बाद. एक्सफॅटमध्ये मोठी फाइल बसते पण जर्नल नाही, म्हणजे लिहिता लिहिता लाइन गेली तर काम कुठवर झालं होतं याची नोंदच राहत नाही, अन् आमच्याकडं जरा वारा सुटला की लाइन गेलीच समजा. म्हणून एनटीएफएस ठेवलं, तो विंडोजचा जर्नलवाला फॉरमॅट. त्यातही झटक्यात लाइन गेली की राउटर नंतर डिस्क फक्त वाचू देते, लिहू देत नाही, काहून ते सांगत पण नाही. मग ती काढा, विंडोजले लावा, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारा, परत लावा. आता राउटर इन्व्हर्टरवर घेतला, त्रास कमी झाला. डिस्कले पॉवरवाला हब दिला असंन तर तोही इन्व्हर्टरवरच पाहिजे बरं, नाहीतर राउटर चालू अन् डिस्क बंद.

ज्याले राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (लिनक्सवर चालणारं फुकटचं राउटर सॉफ्टवेअर) टाकता येते त्यानं डिस्कचा फॉरमॅट सरळ ईएक्सटी४ करावं, लिनक्सचं घरचंच आहे, जर्नल पाहून बरंचसं आपणच सावरून घेते. फक्त ती डिस्क विंडोजले लावली की फॉरमॅट करू का म्हणून विचारते, तिथं चुकूनही हो म्हणू नका, अख्ख्या सीझनच्या वराती जातीन!

दीड स्टार कापला तो स्पीडसाठी. यूएसबी ३ दिलं पण लॅन (केबलचे) पोर्ट १०० एमबीपीएसचे, सेकंदाले ११ एमबीच्या आसपास, ४० जीबीचं लग्न कॉपी व्हायले तासभर लागते. घ्यायच्या आधी गिगाबिट (१००० एमबीपीएस) लिहिलंय का पाहा.

विंडोज १० मध्ये डिस्क दिसत नसंन तर फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, जुनं फर्मवेअर एसएमबी१ (नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत) वापरते अन् २०१७ च्या अपडेटनंतर नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये ते एकतर येत नाही नाहीतर वापरलं नाही की आपोआप निघून जाते. अन् शेअरले पासवर्ड टाका भाऊ, कंपनीतून उघडंच येते, गिऱ्हाईकाले वायफाय दिलं की त्याच्या मोबाइलवर गावभरचे अल्बम उघडतात, डिलीटसुद्धा करता येतात.