उंचसखल लाद्यांवर छापील रांगोळी

चवथीसाठी फोंड्याच्या आमच्या जुन्या घराच्या वसरीत एका छपाईवाल्याकडून व्हिनाइलची, म्हणजे चिकटवायच्या पातळ प्लास्टिकवर छापलेली, रांगोळी बसवून घेतली. हाताने ओतलेल्या त्या सिमेंटच्या लाद्यांतली एकही शेजारणीच्या पातळीत नाही आणि पावसाळ्यात त्यांना ओल येते. म्हणून त्यांनी आधी दोन दिवस पंखा लावून जमीन वाळवायला सांगितली, मग जुन्या पॉलिशचे मेण स्पिरिटने पुसून काढले. सांध्यांवर व्हिनाइल ताणले नाही, तर हीट गनने मऊ करून बोटाने खाचेत दाबले व पुन्हा गरम केले, कारण ताणलेले व्हिनाइल थंड झाल्यावर मूळ आकाराकडे ओढ घेते आणि खाचेवर पोकळ राहते. छपाईवरचे लॅमिनेशन (पारदर्शक संरक्षक थर) खरबरीत असल्याने ओला पाय घसरत नाही. छपाई उत्तम.

दाराजवळची कड मात्र, जिथे लादीचा कोपरा उडालेला आहे, चौथ्याच दिवशी उचलली आणि तिच्याखाली मातीची रेघ जमली. तक्रारीनंतर कोपरा पुट्टीने भरून कड गोलाकार कापून दिली; टोकदार कोपरा पायाने लवकर सुटतो, हे आधीच सांगायला हवे होते. जादा मजुरीही बिलातच कळली. शेणाने सारवलेल्या मागच्या पडवीचे काम त्यांनी सरळ नाकारले, ते योग्यच केले.